अनुभव धागा : श्रद्धेने कुठे सांधलं, कुठे नाही? (बेळगाव सीमाभाग)

धागाकर्ता
18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा. त्यावर प्रवचनं भरपूर ऐकून झाली, म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी... आपल्याकडचा माणूस घरात एक भाषा बोलतो, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी. त्यात कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल असे पंथ. अशा तुकड्यांत जगताना विश्वासाने कधी सांधल्यासारखं वाटलं का? घरात, माणसांत, स्वतःच्या आत? साक्ष द्या, उपदेश नको. आणि 1956 पासूनचा सीमावाद इथे उकरलात तर प्रतिसाद उडवला जाईल.

खानापूरकर
घरी कोंकणी, शाळा मराठी, नोकरी कन्नडात. राग येतो कोंकणीत, हिशेब होतो मराठीत.

नोव्हेंबरअखेर आमच्या भागातून जुन्या गोव्याला चालत जाणारे जथे निघतात. 3 डिसेंबरला सायबाचं फेस्त असतं. (सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, बाकीच्यांच्या माहितीसाठी.) शेजारचे माळकरी याला आमची वारी म्हणतात, आम्हीही नाही म्हणत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच जथ्यात माझा चुलतभाऊ निघाला. आमचा बांधावरून खटला, बोलणं बंद. आधी कळलं असतं तर गेलोच नसतो.

मुक्कामाच्या ठिकाणी सगळे मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. एकेक दशक (दहा जप) एकेकाने चालवायचं. ज्याची पाळी, तो ‘नमान मरिये’ या मरियामातेच्या जपाचा पहिला अर्धा म्हणतो आणि बाकीच्यांनी उरलेला अर्धा म्हणून तो पुरा करायचा. माझ्यानंतर पाळी त्याची. गप्प बसावं तर सगळ्यांच्या लक्षात येणार. मग काय, वर्षानुवर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याचं अर्धं वाक्य दहा वेळा पुरं केलं. पहिल्या दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात, नंतर बरं म्हटलं.

खटला अजून चालू आहे. तारखेला दोघं एकाच बाइकवरून कोर्टात जातो. वकिलांना हे अजिबात आवडत नाही.

माहेर मेथडिस्ट
सासर कॅथलिक. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 मध्ये सुरू झालं, पुढे ते मेथडिस्टांकडे आलं. आमच्या घरी हा इतिहास जेवणाबरोबर वाढला जायचा. आजोबांची एक जुनी सल होती. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि आमचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. ‘एवढ्या मोठ्यांना जमलं नाही, तू काय करणार?’ असं ते माझ्या लग्नाच्या वेळी म्हणाले होते.

लग्नाला बिशपांची परवानगी लागली, ती मिळाली. मिस्सात (कॅथलिकांच्या उपासनेत) मात्र कम्युनिअनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत मला जाता येत नाही. पहिल्या रविवारी पंगतीतून उठवल्यासारखं झालं. आजही होतं, खोटं कशाला बोलू? सासूबाई रांगेतून परत येतात, माझ्या शेजारी गुडघे टेकतात आणि माझा हात हातात घेऊन पुढची प्रार्थना करतात. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी एका वेगळ्या देशातल्या बायका भक्तीचा क्रम लिहून देतात आणि तोच सगळीकडे चालतो. तिथे कुणी कुठल्या चर्चची असं विचारत नाहीत. आम्ही सासू-सुना जोडीने जातो. त्या वाचन करतात, मी पेटी वाजवते. ना. वा. टिळकांची भजनं त्यांना आधी ठाऊक नव्हती. आता भाकऱ्या थापताना म्हणतात, चाल थोडी बिघडवून.

लोंढा जंक्शन
माझं थोडक्यात. आमच्याकडे नाताळच्या मिस्सात प्रभूची प्रार्थना ज्याने-त्याने आपल्या भाषेत म्हणायची. कोंकणी, मराठी, कन्नड, तमिळ, नुसता गोंगाट. कुणाचं आधी संपतं, कुणी मागे राहतो आणि फादर सगळ्यांचं होईपर्यंत थांबतात. मला हे फार आवडतं. बायकोचं म्हणणं, प्रार्थनेत शिस्त हवी.

कंग्राळीचा मास्तर
वरचं वाचून बरं वाटलं. माझं जरा कडू आहे.

आम्ही आजोबांपासूनचे ख्रिस्ती, मूळ दलित वस्तीतले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही नाहीत. त्यामुळे आमच्या भावकीत एकाचा दाखला एक सांगतो, दुसऱ्याचा दुसरंच. रविवारी एका बाकावर, सोमवारी कागदावर वेगळे. गावात जात विचारतात. मंडळीतही सोयरीक जुळवताना विचारतात, फक्त आवाज खाली करून. म्हणून कुणी ‘ख्रिस्तात सगळे एक’ असं सहज बोललं की मी उठून बाहेर जायचो.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मंडळीतले एक वडीलधारे रोज यायला लागले. त्यांच्या घरात आम्हाला कधी उंबऱ्याच्या आत बोलावलं नव्हतं. मला वाटलं, आता बायबल उघडून बसतील. त्यांनी बाही वर केली, बाबांना कुशीवर वळवलं आणि अंग पुसायला लागले. बाबा अर्धवट झोपेत म्हणाले, ‘काय करूलास रे?’ ते म्हणाले, ‘चादर बदलूलोय.’ बाबा जाईपर्यंत हेच चाललं. घाण काढताना त्यांनी एकदाही तोंड फिरवलं नाही, हे मी दारात उभं राहून मुद्दाम पाहत होतो.

माझं सगळं सांधलं गेलं, असं म्हणवत नाही. दाखल्याचं भांडण सरकारदरबारी आहे, ते चालूच राहणार. मंडळीशी भांडण आहे ते मात्र आता आत बसून करतो. पंच कमिटीवर आहे, त्यामुळे संधीही भरपूर मिळते.

धागाकर्ता
मास्तर, त्यांनी पुढे घरी बोलावलं का तुम्हाला?

कंग्राळीचा मास्तर
बोलावलं की. नाताळच्या फराळाला. सुनेचं तोंड जरा वाकडं होतं, पण करंज्या चांगल्या झाल्या होत्या.