शब्दचर्चा : आगमनकाळ

प्रश्न
एका चर्चच्या डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेचं मराठी करून देतोय. 'ॲडव्हेंट'साठी (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) आधीच्या मसुद्यात 'नाताळपूर्व उपवासकाळ' असं घातलंय. ते खटकतं, पण मी ख्रिस्ती नसल्याने का खटकतं ते सांगता येत नाही. कोणी 'आगमन' सुचवलं, तर डोळ्यांपुढे ढोलताशे आणि गणपतीच येतात. जाणकारांनी सांगावं.

वसईकर
उपवासकाळ नकोच. तो शब्द राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या, ईस्टरच्या आधीच्या काळाला कायमचा चिकटलेला आहे. आमच्याकडे सरळ 'आगमनकाळ' म्हणतात: आगमनकाळाचा पहिला रविवार, दुसरा रविवार, असे चार. घोटाळा का होतो ते कळतं. दोन्ही काळांत फादरांची वस्त्रं जांभळी असतात आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, महिमास्तोत्र गात नाहीत. पण 'आलेलुया' हा स्तुतीचा घोष उपवासकाळात बंद असतो, आगमनकाळात चालू राहतो. तिसऱ्या रविवारी तर जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्रंही चालतात. पश्चात्ताप आहे, पण सुतकी चेहरा नाही.

लग्नाचंही विचारतील म्हणून सांगतो. १९१७ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, आगमनकाळात विवाहाचा समारंभपूर्वक आशीर्वाद वर्ज्य होता. १९८३ च्या नव्या संहितेत ती बंदी नाही. तरी घरातली जुनी माणसं अजून 'नाताळ होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणतात. चातुर्मासात मुहूर्त न काढणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

कल्याणहून
थोडं फाटे फोडतो. पाश्चात्त्य परंपरेत उपवास मागे पडला, पूर्वेकडच्या चर्चमध्ये नाही. ऑर्थोडॉक्स लोक नाताळाआधी ४० दिवस उपास धरतात. आमच्या भागातले सिरो-मलबार (पूर्वेकडच्या परंपरेतले केरळी कॅथलिक) शेजारी २५ दिवस मांसमच्छी सोडतात, १ डिसेंबरपासून. त्यांच्या पंचांगात या काळाचं नावच वेगळं: मल्याळममध्ये मंगलवार्ताकाळ, म्हणजे मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचा काळ. तेव्हा चर्च कुठलं आहे ते आधी विचारा, मग शब्द ठरवा.

प्रश्नकर्ता
चर्च 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'चं, म्हणजे प्रोटेस्टंट आहे. पण माझी मूळ शंका तशीच राहिली. आगमन म्हणजे येऊन पोचणं. हा काळ तर येण्याच्या आधीचा. मग 'प्रतीक्षाकाळ' जास्त बरोबर नाही का?

नगरकर
अर्थ बरोबर, पण शब्द कोणी बोलत नाही. आमच्या मंडळीत वडीलधारे 'आगमनाचे रविवार' म्हणतात आणि तरुण संघ 'ॲडव्हेंट'च म्हणतो.

'आगमन' हा लॅटिन 'आद्वेन्तुस'चा सरळ अनुवाद आहे. रोमन सम्राट एखाद्या नगरात वाजतगाजत प्रवेश करी, त्या सोहळ्यालाही हाच शब्द होता. म्हणजे तुमचे ढोलताशे अगदीच चुकलेले नाहीत! शिवाय नव्या करारात ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यासाठी ग्रीक 'पारुसिया' आहे, तिथे लॅटिन बायबलने 'आद्वेन्तुस'च वापरला. म्हणून हा काळ निव्वळ बेथलेहेमची तयारी नाही. पहिल्या रविवारी चर्चमध्ये जाऊन बसा: बाळ नाही, मेंढपाळ नाहीत. वाचन असतं ते जागे राहा, तो दिवस कधी येईल ते तुम्हांला ठाऊक नाही, असं. कॅथलिक उपासनेत १७ डिसेंबरपासून रोख स्पष्टपणे जन्माकडे वळतो, तोपर्यंत शेवटच्या दिवसाचाच सूर वरचढ असतो. 'नाताळपूर्व' म्हटलं की हा अर्धा अर्थ कापला जातो. तुम्हांला खटकत होतं ते बहुधा हेच.

वसईकर
बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या संत बर्नार्डने तर तीन आगमनं सांगितली. पहिलं देहात, शेवटचं वैभवात, आणि मधलं रोजचं, माणसाच्या अंतःकरणात. मधलं डोळ्यांना दिसत नाही. माझ्या मते प्रवचनांत सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याच्यावरच.

नगरकर
बरोबर. आणि हे दुहेरीपण मराठीत एका वाक्प्रचारात आयतं सापडतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मरियेचे प्रसूतीचे दिवस भरले असं आहे. आपल्याकडे बाईचे दिवस भरतात तेव्हा जन्म होतो, आणि 'त्याचे दिवस भरले' म्हटलं की शेवट. आगमनकाळात दोन्ही अर्थांनी दिवस भरत आलेले असतात. हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या भाषेत सांगता येत असेल असं मला वाटत नाही. (भाषाभिमान गृहीत धरावा.)

प्रार्थनेत मात्र आगमन, प्रतीक्षा काहीच नसतं, नुसतं 'ये' असतं. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी 'मारानाथा' हा अरामी शब्द तसाच ठेवलाय. तो 'मारान आथा' असा तोडला तर 'आमचा प्रभू आला आहे', 'माराना था' असा तोडला तर 'आमच्या प्रभो, ये'.

गोव्याहून
तुम्ही देवशास्त्र बघा, आम्ही भट्टी बघतो. आमच्याकडे हा काळ म्हणजे दोदोल (नारळ-गुळाची मिठाई) घोटायचा आणि नेवऱ्या (करंज्या) तळायचा. डबे भरायचे, पण नाताळापर्यंत हात लावायचा नाही. पोरांना प्रतीक्षा म्हणजे काय ते तिथे कळतं, प्रवचनात नाही.

प्रश्नकर्ता
पटलं. 'आगमनकाळ' ठेवतो आणि खाली एक ओळ देतो: 'ख्रिस्तजन्माच्या स्मरणाचा व ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहण्याचा काळ'. चार मेणबत्त्या लावतात त्या हिरव्या कड्याला काय म्हणू?

नगरकर
ओळ छान आहे. कड्याला 'आगमनाचं कडं' म्हणा, नाहीतर 'ॲडव्हेंट रीथ' राहू द्या. प्रथा जर्मन प्रोटेस्टंटांची. हॅम्बुर्गला योहान विखेर्न यांनी १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या. मुलं 'नाताळ कधी?' म्हणून रोज विचारायची.

आगमनकाळ सुरू होण्याची तारीख मात्र तपासून छापा. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार धरतात, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरमध्ये कधीही. २०२५ मध्ये तो नेमका ३० तारखेलाच आला होता. बाजारातली चॉकलेटवाली कॅलेंडरं १ डिसेंबरला सुरू होतात, त्यांच्यावर विसंबू नका.