मदत हवी आहे: ब्रेस्ट कॅन्सर व्हायरसमुळे होतो का? आई बाळाला जवळ घेत नाहीये

आईला ब्रेस्ट कॅन्सर झालाय. ऑपरेशन झालं, केमोची दुसरी सायकल परवाच पार पडली. उपचारांबद्दल शंका नाही. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

केमोआधीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही अशा तीन चाचण्या होत्या. तिन्ही निगेटिव्ह. पण आईच्या डोक्यात बसलं, "कॅन्सरला व्हायरसची तपासणी कशाला?" त्याच आठवड्यात कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवला की उंदरांमध्ये स्तनाचा कॅन्सर दुधातून पिल्लांना जातो. झालं! तिने स्वतःची भांडी वेगळी काढलीत आणि माझ्या तीन महिन्यांच्या मुलीला ती मांडीवरसुद्धा घेत नाही. काल म्हणाली, "मी तुला अंगावर पाजलं, आता तू हिला पाजतेस. बंद कर." रात्रभर झोप लागली नाही.

मी बरंच वाचून काढलं. व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही, हीच पंचाईत आहे. 1936 साली जॉन बिटनर या संशोधकाने दाखवलं होतं की कॅन्सर होणाऱ्या जातीची पिल्लं दुसऱ्या जातीच्या मादीच्या दुधावर वाढवली की त्यांच्यातला कॅन्सर खूप घटतो. दुधातला तो घटक पुढे विषाणू निघाला, एमएमटीव्ही. माणसाच्या गाठींतही तशा जनुकांचे तुकडे सापडल्याचं 1995 पासून काही संशोधक सांगतायत. 2015 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाला गुरांच्या ल्युकेमियाचा विषाणू कॅन्सरच्या 59 टक्के नमुन्यांत आणि कॅन्सर नसलेल्या 29 टक्के नमुन्यांत मिळाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू आहे हे तर सिद्धच झालंय. मग आईला "असं काही नसतं" म्हणून कसं उडवून लावू?

पाजणं चालू ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. पण आईला पटेल असं कारण हवंय. कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:

मी लॅबमध्ये काम करते. आधी त्या चाचण्यांचं सांगते, कारण भीतीचं मूळ तिथे दिसतंय. हिपॅटायटिस बी शरीरात वर्षानुवर्षं दबून राहू शकतो आणि केमोने प्रतिकारशक्ती उतरली की उसळून यकृताला इजा करतो. तो आधीच हुडकायचा असतो. कॅन्सर कशाने झाला हे शोधण्याशी त्या चाचणीचा संबंध नाही.

आता गाठीत विषाणू "सापडला" याबद्दल. सापडणं वेगळं आणि त्यानेच रोग होणं वेगळं. ईबीव्ही नावाचा विषाणू 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत मुक्कामाला असतो आणि त्या पेशी गाठीतही शिरतात. पीसीआर, म्हणजे डीएनएचे तुकडे हुडकणारी चाचणी, तर इतकी संवेदनशील असते की लॅबमधल्या उंदराच्या डीएनएचा अंशही फसवू शकतो. बर्कलीनंतर दुसऱ्या संशोधकांनी गाठींचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तपासले, तेव्हा गुरांचा तो विषाणू मिळाला नाही. एचपीव्ही गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत मिळतो, स्तनाच्या बाबतीत असं एकाही विषाणूचं झालेलं नाही. संशोधन चालू आहे आणि ते व्हायलाच हवं, पण आज स्तनाच्या कॅन्सरचं सिद्ध कारण म्हणून कुठलाही विषाणू धरला जात नाही.

आईंना दुधाचं असं सांगा: उंदरांसारखं असतं तर अंगावर प्यायलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर जास्त दिसला असता. तसं दिसलेलं नाही. उलट 2002 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्र हिशेब आला, त्यात पाजणाऱ्या आईचा धोका दर 12 महिन्यांच्या स्तनपानामागे 4.3 टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे तुमच्या पाजण्याने तुमचंच भलं होतंय.

खरं जपायचंय ते आईंना, बाळापासून! केमोत पांढऱ्या पेशी उतरतात. बाळाला सर्दी-ताप असेल तेव्हा अंतर ठेवा. रोटाव्हायरसची लस जिवंत विषाणूची असते, तो काही दिवस बाळाच्या शीतून बाहेर पडतो. तेव्हा लंगोट तुम्हीच बदला, हात साबणाने धुवा. एरवी आईंनी नातीला खुशाल मांडीवर घ्यावं.

आणखी एक. तुमच्यासाठी विषाणूपेक्षा आनुवंशिकतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आईंचं वय पन्नासच्या आत असेल तर बीआरसीए (आनुवंशिक स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेली जनुकं) चाचणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. हिपॅटायटिसचा भाग तिने दोनदा वाचायला लावला आणि मग विचारलं, "म्हणजे हिला माझ्यापासून नाही, मला हिच्यापासून जपायचं?" भांडी अजून वेगळीच आहेत, पण संध्याकाळी हात धुऊन आली आणि बाळाला घेऊन तासभर बसली.

आईचं वय 47 आहे. बीआरसीए चाचणी आधी तिची करायची की माझी? कुणी केली असेल तर अनुभव सांगाल का?