मदत हवी आहे: लिनक्सचा पीसी कामात नीट चालतो, रिकामा बसला की हँग होतो

नमस्कार मंडळी,

गोव्यात साखळी गावातल्या आमच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव एका छोट्या, पंखा नसलेल्या पीसीवर चालते. बे ट्रेल पिढीचा जे1900 प्रोसेसर (2013 सालचा), लिनक्स मिंट 21. संध्याकाळी वाचकांची गर्दी असते तेव्हा बिनतक्रार चालतो. दुपारी कुणी फिरकत नाही, तेव्हा हँग. माउसचा बाण हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही, दुसऱ्या मशीनवरून पिंग केलं (नेटवर्कवरून हाक मारली) तर उत्तर नाही. कोपऱ्यातलं घड्याळ पावणेतीनवर अडकलेलं. मग बटण दाबून बंद करावा लागतो, आणि दर वेळी नोंदींचा डेटाबेस बिघडेल म्हणून जीव टांगणीला लागतो.

पावसात लाइट सारखी जाते, म्हणून आधी संशय इन्व्हर्टरवर होता. तो बाजूला काढला तरी तेच. मेमटेस्ट (रॅम तपासायची चाचणी) रात्रभर चालवली, रॅम ठीक आहे. (ती प्रोसेसरला झोपूच देत नाही, तेव्हा हा दोष तिच्यात दिसणारही नाही.) जर्नलमध्ये (लिनक्सच्या नोंदवहीत) मागच्या बूटचा लॉग मध्येच तुटतो, एरर एकही नाही.

शोधता शोधता कर्नल बगझिलातला (लिनक्सच्या गाभ्यातले दोष जिथे नोंदवतात त्या साइटवरचा) 109051 क्रमांकाचा बग सापडला. काम नसलं की प्रोसेसरचे कोअर वीज वाचवायला खोल सी-स्टेटमध्ये (झोपेच्या पायरीत) जातात आणि याच पिढीत मशीन तिथेच अडकतं. ग्रबमध्ये (पीसी सुरू होताना लिनक्स लोड करणारा प्रोग्राम) खोल स्टेट बंद करणारं इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1 घातलं, अपडेट-ग्रब करून रीबूट केलं. तेव्हापासून हँग नाही, पण डबा आता चांगलाच तापतो. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली काय होईल? सगळ्या खोल स्टेट बंद न करता नेमकी घातक तेवढीच बंद करता येते का?

उत्तर:

ताई, येते. आधी ग्रबमधली ती ओळ काढून रीबूट करा, नाहीतर खोल स्टेट यादीत दिसणारच नाहीत. मग /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू0/सीपीयूआयडल या फोल्डरात जा. प्रत्येक स्टेटच्या फोल्डरात नेम आणि डिसेबल अशा फायली असतात. ज्यांच्या नेममध्ये सी6एन किंवा सी6एस आहे, त्यांच्या डिसेबलमध्ये रूट (पूर्ण अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 1 लिहा; त्याच घातक. सीपीयू0 ते सीपीयू3, चारही कोअरना करा, एकही सुटता कामा नये. सी7 चालू राहू द्या, डबा थंड ठेवायला तीच उपयोगी. रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून छोटी स्क्रिप्ट करून सिस्टमडीला (पीसी सुरू होताना कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामला) जोडा. आणि काही दिवस दुपारी मुद्दाम रिकामा ठेवून बघा. तरीही हँग झाला, तर जुनी ओळच परत घाला आणि डबा भिंतीपासून लांब, वारा लागेल असा ठेवा.