कामिकात्सुला आईबाबांना घेऊन जायचंय, दोन दिवस पुरतील का?

निशा_ओसाका
नमस्कार मंडळी. मी दोन वर्षं झाली ओसाकात आहे, नोव्हेंबरमध्ये आईबाबा येतायत. त्यांना क्योतोची गर्दी नकोय, बाबांचं म्हणणं की एखादं डोंगरातलं खरं गाव दाखव जिथे लोक रोजचं जगणं जगतायत. ऑफिसमधल्या एकीने शिकोकू बेटावरचं, तोकुशिमा प्रीफेक्चरमधलं (म्हणजे प्रांतातलं) कामिकात्सु सुचवलं. मी वाचलं की वस्ती जेमतेम 1,400 च्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त लोक 65 च्या पुढचे, आणि कचरा 40 हून जास्त प्रकारांत वेगळा करतात. पण तिथे नेमकं बघायचं काय ते कळत नाहीये, कचरा केंद्रात आईला रस वाटेल का? आणि गाडीशिवाय जमतं का? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

डोंगरवाटा
मी दोनदा गेलोय निशाताई, एकदा जुलैत आणि एकदा नोव्हेंबरच्या शेवटी. आधी हे सांगतो की गाव असं एका जागी नाहीये, 80 टक्क्यांहून जास्त जंगल आहे आणि कात्सुउरा नदीच्या दोन्ही बाजूंना डोंगरउतारावर चार घरं इथे, सहा घरं तिथे अशी विखुरलेली वस्ती आहे, त्यामुळे 'मेन रोडवर फिरून येऊ' असलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका.

कचरा केंद्राचं म्हणाल तर आईंना नक्की आवडेल. 2020 मध्ये नवीन इमारत झाली, वरून बघितली तर प्रश्नचिन्हासारखी दिसते, आणि तिच्या भिंतीत गावातल्या जुन्या घरांच्या जवळजवळ 700 खिडक्या बसवल्यात, एक खिडकी दुसरीसारखी नाही. गावात कचऱ्याची गाडी फिरत नाही, लोक स्वतः आणून टाकतात, म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र वेगळी सोय आहे. मी बघत उभा होतो तेव्हा एक आजोबा आले, दुधाचे कागदी खोके धुऊन, कापून, उलगडून, वाळवून, सुतळीने बांधलेला गठ्ठा. प्रत्येक डब्यावर पाटी आहे, हे कुठे जातं, त्याचं पुढे काय होतं आणि किलोमागे गावाला किती येन मिळतात किंवा किती येन द्यावे लागतात. ती येनची पाटी वाचली ना की हात आपोआप थांबतो.

शेजारीच कुरुकुरु शॉप आहे, लोकांनी नको असलेल्या पण चांगल्या वस्तू आणून ठेवलेल्या असतात, कोणीही फुकट न्याव्यात, फक्त वजन करून वहीत लिहायचं. कपबश्या, किमोनो, लहान मुलांचे कपडे, सगळं.

अनघा_के
थोडी भर घालते, कारण 'निसर्गप्रेमी गाव' एवढंच वाचून लोक जातात आणि मूळ गोष्ट सुटते. आधी तिथे कचरा उघड्यावरच जाळायचे. मग 1998 मध्ये कचरा जाळायच्या दोन छोट्या भट्ट्या आणल्या, पण डायऑक्सिनचे (कचरा जाळताना निघणारं विषारी रसायन) नियम कडक झाल्यावर दोन-तीन वर्षांतच त्या बंद कराव्या लागल्या, आणि एवढ्या छोट्या गावाला नवीन मोठी भट्टी परवडणारी नव्हती. म्हणून 2001 मध्ये 35 प्रकारांत वर्गीकरण सुरू झालं, 2003 मध्ये गावाने 'झीरो वेस्ट'ची, म्हणजे कचरा शून्यावर आणण्याची घोषणा केली, जपानमधलं पहिलं गाव. आता 80 टक्क्यांच्या आसपास कचरा रिसायकल होतो. उरलेल्यात डायपर, रबर, पीव्हीसी प्लास्टिक, चामड्याचे बूट असल्या वस्तू आहेत, आणि तो प्रश्न गावाच्या हातातला नाहीच, त्या वस्तू बनवणाऱ्यांनी बदल केला तर सुटेल. ओला कचरा घरच्या घरी कंपोस्ट करतात, त्यासाठीच्या मशीनला गावाने पैसे दिले होते.

निशा_ओसाका
वा, हे माहीत नव्हतं. आणि ती पानं विकणाऱ्या आज्यांची गोष्ट खरी आहे का हो? आई तेवढ्यासाठीच उत्सुक आहे.

डोंगरवाटा
अगदी खरी. 1981 च्या फेब्रुवारीत अशी काही थंडी पडली की तिथल्या मिकान संत्र्यांच्या बागा मेल्या, गावाचं उत्पन्नच गेलं. तेव्हा शेतकी सहकारी संस्थेत सल्लागार असलेले योकोइशी तोमोजी यांनी ओसाकातल्या एका रेस्टॉरंटमध्ये पाहिलं की एक मुलगी ताटातलं मेपलचं पान रुमालात जपून ठेवतेय. जपानी जेवणात ताटात ऋतूप्रमाणे पान किंवा फुलाची डहाळी ठेवतात, त्याला त्सुमामोनो म्हणतात. त्यांनी 1986 मध्ये चार शेतकऱ्यांना घेऊन पानं विकायला सुरुवात केली. आधी खपेचनात, कारण किचनला कुठलं पान कधी, केवढं लागतं ते कोणालाच माहीत नव्हतं, मग योकोइशी स्वतःच्या पैशाने महागड्या रेस्टॉरंटांत जेवून ते शिकले.

आणि लोकांना वाटतं आज्या जंगलात जाऊन पानं गोळा करतात, तसं नाहीये. पडीक मिकान बागांत मेपल, नानतेन (एक शोभेचं झुडूप), पर्सिमॉन अशी झाडं मुद्दाम लावलीत. सकाळी टॅबलेटवर ऑर्डर येते, जो आधी बटण दाबेल त्याला मिळते, आपली विक्री कितव्या नंबरावर आहे तेही दिसतं. मी ज्या आजींकडे थांबलो होतो त्या ओट्यावर बसून विक्रीच्या डब्यात मेपलची पानं लावत होत्या, रंग जुळतोय का, देठ एका बाजूला आहेत का, एका पानाच्या टोकावर बारीक ठिपका होता, मला दिसलासुद्धा नाही, त्यांनी ते बाजूला टाकलं. ऐंशीच्या पुढच्या होत्या. म्हणाल्या, सकाळी ऑर्डर बघायची असते म्हणून लवकर जाग येते.

अनघा_के
तिथला आवा बान्चा हा आंबवलेला चहा नक्की घ्या. जुलैत मोठी पानं खुडून उकळतात, मळतात, पिंपात दाबून आंबवतात आणि उन्हात वाळवतात. चव आंबूस असते, बाबांना पहिल्या घोटाला विचित्र वाटेल पण दुसरा कप मागतील.

गाडीचं मात्र आत्ताच बघा. तुम्ही दोन वर्षं जपानमध्ये आहात म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट चालणार नाही, जपानी लायसन्स लागेल. बाबा टुरिस्ट म्हणून येतायत, त्यांच्याकडे भारतातलं परमिट असेल तर ते चालवू शकतील, पण रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. ओसाकाहून तोकुशिमापर्यंत अवाजी बेटावरून हायवे बस आहे, पुढच्या बस दिवसात अगदी मोजक्या. राहायला कचरा केंद्राचंच हॉटेल आहे, त्यात चारच खोल्या आहेत, चेक-इनला साबणही हवा तेवढाच कापून घ्यायचा आणि निघताना आपला कचरा आपणच वेगळा करायचा.

डोंगरवाटा
दोन रात्री ठेवा ताई. एक दिवस केंद्र आणि पानं, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर काशिहाराची डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. नोव्हेंबरमध्ये कापणी झालेली असेल, पण दगडी बांध तेव्हाच नीट दिसतात. आणि शेतात कोणी काम करत असेल तर आधी नमस्कार करा, मग फोटो.

निशा_ओसाका
दोन रात्री बुक करते. मनापासून थँक्यू, आईला त्या आजींचं आत्ताच वाचून दाखवलं फोनवर, ती म्हणतेय मलाही एक डबा लावून बघायला मिळेल का विचार.