रत्नदुर्ग नंतर, आधी भाट्याची वाळू

बाबांना बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही आहे, तरी ते उद्यापासून रत्नागिरीचा रत्नदुर्ग किल्ला चढायचं म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंत. एवढी घाई नको. माझ्या वडिलांचंही हेच होतं. आम्ही भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर सुरुवात केली. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि दम लवकर लागतो. पहिला आठवडा दहाच मिनिटं. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, वेग तेवढाच. मग सावकाश आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत.

आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या कुठल्या आहेत ते नीट समजून घ्या. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारखी बीपीची गोळी नाडी फारशी वाढू देत नाही, म्हणून घड्याळात दिसणाऱ्या नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नका. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर आपल्या मे महिन्यातल्या दमट उकाड्यात घाम येऊन चक्कर येऊ शकते. उन्हं चढायच्या आत घरी या. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू असताना अंग विनाकारण फार दुखलं किंवा लघवी काळपट झाली, तर अंगावर काढू नका, लगेच दाखवा.

आणि हो, बाबा नारळाची पोती वगैरे उचलत असतील तर जपून! श्वास रोखून ओझं उचललं की त्या क्षणी बीपी उसळतं. जोर लावताना श्वास सोडायचा. सकाळी बीपी १८०/११० च्या वर दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दडपलं तर तिथेच बसवा आणि १०८ लावा.