डोंगरातले प्रसंग: काय घडलं, कसे सुटलात? (अनुभव धागा)

मुठाकाठ
काल भाचीची सॅक भरत होते. ऑफिसच्या ग्रुपबरोबर रविवारी अंधारबनच्या जंगलात ट्रेकला चाललीय. शिट्टी ठेवली तर म्हणाली, "मावशी, मोबाईल आहे ना!" आणि राजगड आठवला.

गुंजवण्यातून चोरदरवाज्याने चढलो होतो. पद्मावती माचीवर डबे खाऊन संजीवनी माचीकडे निघालो तर धुकं इतकं दाटलं की पुढच्याची सॅक दिसेना. दुसऱ्या एका ग्रुपमधले काका मागे राहिले होते. कधी राहिले, कुणाच्या लक्षात नाही. त्यांची माणसं गळा फाडून हाका मारत होती, पण माचीवरचा वारा सगळा आवाज दरीत घेऊन जात होता. आमच्या म्होरक्याने सगळ्यांना गप्प बसवलं. तीन शिट्ट्या, थांबायचं, ऐकायचं, परत तीन. बऱ्याच वेळाने तटाच्या खालून, कारवीतून, दगडावर काठी आपटल्याचा आवाज आला. काका तिथेच बसून होते, पाय मुरगळलेला. शिट्टी त्यांना ऐकू जात होती, हाका नव्हत्या. त्यांच्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

तुमचे अनुभव लिहा. मुंबई-पुण्याजवळचेच डोंगर धरू. हिमालयात जाणारा तयारी करतो, लोहगडाला माणसं चपला घालून निघतात.

ओवी_२२
पाणी!! बाकी सगळं नंतर. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, मी तो पुन्हा बघू शकत नाही.
ताम्हिणीत आम्ही डोहात पाय सोडून बसलो होतो, आमच्यावर थेंब नव्हता. शेजारी गुरं राखणारा एक मुलगा होता, तो एकदम उठला आणि ओरडला, "भायेर निघा." पाण्यात पालापाचोळा यायला लागला होता आणि रंग बदलला होता, तेवढ्यावरून त्याला कळलं. आम्ही चपला तिथेच टाकून वर पळालो. थोड्याच वेळात बसलो होतो ते दगड दिसेनासे झाले. पाऊस वर माथ्यावर झालेला असतो, खाली कळत नाही. पोरं झोपली, नंतर लिहिते.

घाटमाथा
@ओवी त्या मुलाला दंडवत.

वाट चुकण्याबद्दल लिहितो. "ओढ्याच्या कडेने उतरलं की गाव लागतं" हे जो कुणी सांगतो त्याचं ऐकू नका. सह्याद्रीत घाटमाथ्याची धार तुटलेली आहे. पश्चिमेकडचा ओढा काही अंतर गोड वाहतो आणि थेट कोकणात कोसळतो. थरावर थर लाव्हाचे, त्यामुळे मध्ये कातळटप्पे. पहिल्या टप्प्यावरून घसरत उतरता येतं, परत चढता येत नाही, आणि खालचा टप्पा त्याहून मोठा निघतो. भीमाशंकरच्या बाजूला दोन मुलं अशीच मधल्या टप्प्यावर अडकलेली पाहिली. गावकऱ्यांनी दोर आणून काढली, तोवर अंधार झाला होता.

मळलेली वाट बारीक व्हायला लागली, फांद्या छातीला लागायला लागल्या की ती ढोरवाट. गुरं वाकून जातात, आपण नाही. तिथेच थांबा आणि शेवटची खात्रीची खूण होती तिथवर मागे या. मागे येण्याचा कंटाळा सगळ्यात वाईट.

निशा_पनवेल
कलावंतिणीच्या सुळक्याच्या पायऱ्यांवर गर्दी असते तेव्हा जाऊच नये असं माझं ठाम मत झालंय. उतरणारे आणि चढणारे एकाच पायरीवर, त्यात सेल्फी. हरिहर किल्ल्यालाही तेच. खोबणीत हात घालून चढायचं आणि वरून कुणीतरी पाठ दरीकडे करून उतरतोय. माझ्या पुढची ताई मधेच थिजली, रडायला लागली. मी खालून तिचा पाय धरून एकेक पायरी दाखवली, "आता उजवा, आता डावा." वर पोचल्यावर मिठी मारली तिने. नाव पण विचारलं नाही मी.

रानजाई
किती छान केलंत निशाताई.
गुडघ्याला उतरताना काय बांधता सगळे? कॅपचा उपयोग होतो का?

आबा_मावळ
रानजाई, काठी घ्या. कॅपपेक्षा काठी बरी. उतरताना पावलं लहान.
मधमाश्यांचं कुणी लिहिलं नाही. आग्या मोहोळ कड्याला असतं, खाली उभं राहून कुणी विडी पेटवली की झालं. नाशकाकडच्या एका किल्ल्यावर आमच्यासमोर झालं हे. अत्तराच्या वासानेही उठतात म्हणतात. हात झाडायचे नाहीत, डोकं-तोंड उपरण्याने झाकून वाऱ्यासारखं लांब पळायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी नखाने खरवडून लगेच काढा.

डॉ_मीरा
ग्रामीण रुग्णालयात काम केलंय म्हणून कळकळीने लिहिते. साप चावला की आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी-बांगड्या काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. एका मुलाला मित्रांनी चादरीच्या झोळीतून डांबरीपर्यंत आणलं, अगदी योग्य केलं. फुरसं होतं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. तो हिरवा चापडा पावसाळ्यात फांदीवर दिसतो, त्याच्यावर ती चालत नाही, म्हणून फांदी बघून धरा. साप पकडून दवाखान्यात आणू नका!! आणतात लोक.

आणि भिजलेली जीन्स. वाऱ्यात तासन् तास ओलं राहिलं की पावसाळ्यातही माणूस गारठून जातो. बडबड असंबद्ध व्हायला लागली, पाय अडखळायला लागले की लगेच कोरडे कपडे, गोड काहीतरी, आणि दोघांच्या मध्ये बसवा.

मुठाकाठ
डॉक्टर, खूप आभार. भाचीला कोरडा टीशर्ट प्लास्टिकमध्ये बांधून देते.

प्रसाद_के
शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची मंडळी लोणावळ्याजवळ रात्री पावसात स्ट्रेचर घेऊन जाताना पाहिलीत का कधी? मी पाहिलीत. आपापली कामं सोडून येतात. अडकलात तर ११२ हा मदतीचा नंबर लावा, लोकेशन पाठवा आणि मग जागा सोडू नका. शोधणारे त्याच ठिकाणी येतात आणि माणूस तिथून निघून गेलेला असतो, यात रात्र जाते. बॅटरी १५ टक्क्यांवर यायची वाट बघू नका.

सिंहगडकर_रवि
आतकरवाडीतून घड्याळ लावून सिंहगड चढणाऱ्यांनो, छातीत दाब, डावा खांदा, घाम, यापैकी काही झालं तर "जरा दम लागलाय" म्हणू नका. मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ असंच म्हणत होते. टाकं लावणाऱ्या मावशींनी त्यांना दटावून खाली बसवलं आणि पोराला खाली पळवलं, म्हणून १०८ ची रुग्णवाहिका वेळेत पोचली. त्या मावशींचं दही पण काय असतं, मडक्यातलं, वर मीठ-साखर!

रानजाई
टाकं??

सिंहगडकर_रवि
ताक हो, ताक! फोनवर लिहितोय.

ओवी_२२
झोपली एकदाची. बूट कुठले घ्यावेत कुणी सांगेल का? पठारावर ठीक, पण ओल्या कातळावर सगळेच घसरतात.

घाटमाथा
खोल खाचांचा, मऊ रबराचा तळ बघा. घासलेला जोडा पावसाळ्यात बाद. पण हिरव्या शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही, तिथे बसून उतरा. मुरमावर उन्हाळ्यात उलट, टाच रोवून.

निशा_पनवेल
रविदादा, त्या मावशी वाटेत कुठे बसतात? येत्या शनिवारी येतोय आम्ही चौघी.

सिंहगडकर_रवि
अर्ध्याच्या वर, झाडाखाली. सकाळी लवकर या, नऊनंतर दही उरत नाही.