दुबईत बिऱ्हाड करायचे तर करामा की मरीना?

मूळ धागा (रत्नागिरी)

माझ्या भाच्याला दुबईत नोकरी लागली असून पुढच्या महिन्यात तो बायको आणि पाच वर्षांच्या मुलीसह तिथे बिऱ्हाड करणार आहे. कंपनी घरभाड्यासाठी जी रक्कम देते, ती सगळी मरीनातल्या एखाद्या उंच टॉवरमध्ये घालवायची, असे त्याने जवळपास ठरवले आहे. मी स्वतः अकरा वर्षे देरा आणि करामा या खाडीजवळच्या जुन्या वस्त्यांत काढली, आणि माझे मत असे की मुलेबाळे असलेल्या नोकरदाराने खाडीच्या आसपासच राहावे. करामातल्या जुन्या, बुटक्या इमारतींच्या तळमजल्यावर वाणी, शिंपी, दवाखाना असे सगळे असते. ऊन कलले की माणसे खाली उतरतात आणि ओळखी होतात. भारतीय शाळाही बऱ्याचशा ऊद मेथा आणि कुसैस या बाजूला आहेत. देऱ्याच्या मासळीबाजारात सुरमईला कनाद आणि पापलेटला जुबैदी म्हणतात, एवढे कळले की आपल्या माणसाचे निम्मे परकेपण सरते. खाडी ओलांडायला अब्रा नावाची लाकडी होडी आहे, भाडे एक दिरहम. तिच्यात बसलो की मला दरवेळी दाभोळची तर (पलीकडे नेणारी होडी) आठवायची. मरीना म्हणजे वाळू उपसून समुद्राचे पाणी आत घेतलेला कालवा. तिथे भाडे घराचे नव्हे, खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे द्यावे लागते.

प्रतिसाद (चिपळूण)

काका, आपण वर्णन केलेल्या करामात मीही दोन वर्षे राहिले आहे, त्यामुळे विरोध करते तो ऐकीव माहितीवर नव्हे. खिडकीत बसवलेला जुना एसी जुलै महिन्यात रात्रभर घरघरत राही आणि वीज-पाण्याचे बिल पाहून स्वस्त भाड्याचा आनंद तिथेच संपे. शेजारच्या फ्लॅटमध्ये एकाच खोलीत प्लायवूडच्या भिंती घालून चार जण राहत होते, आणि अशा इमारतीत एकट्या बाईने रात्री लिफ्टची वाट पाहत उभे राहणे काय असते, हे आपल्या हिशेबात आलेले नाही. पुढे मी मरीनाजवळ राहायला गेले. कार्यालय मीडिया सिटीत होते, २०१४ पासून तिथे ट्राम आहे, आणि रोजचा जाण्यायेण्याचा दीड तास वाचला. तिथेही सगळे आलबेल नाही: पुष्कळ टॉवरांत थंड हवेचे बिल वेगळे येते, म्हणून घर पाहतानाच ते ‘चिलर फ्री’ आहे का, हे विचारावे. वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क वीजबिलातून दरमहा कापले जाते, म्हणजे भाडे जितके जास्त तितके हेही जास्त. भाच्याचे कार्यालय कुठे आहे, हे आपण सांगितलेच नाही, आणि माझ्या मते सगळा निकाल त्यावरच आहे.

प्रतिसाद (खेड)

शारजाचा कोणी उल्लेखही करत नाही, याचे नवल वाटते. भाडे तिथे खूपच कमी आहे. मात्र तिथून दुबईला येणाऱ्या इत्तिहाद रस्त्यावर सकाळी गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, त्यामुळे वाचलेले पैसे आपण झोपेतून फेडतो. मी चार वर्षे फेडले.

प्रतिसाद (मंडणगड)

दोन्ही बाजू वाचल्या. आपण ज्याला परवडणारी वस्ती म्हणत आहात, तिच्याकडे माझे वडील चैनीची म्हणून पाहत. ते सोनापूरच्या कामगार छावणीत राहत. नकाशावर त्या भागाचे नाव मुहैसना आहे, सोनापूर हे आपल्याच लोकांनी ठेवलेले. पहाटे बस, रात्री बस, खोलीत दुमजली खाटा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे, आणि ती दुपार ते अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या सावलीत पुठ्ठ्यावर पडून काढत. आमचे जांभ्याचे घर त्याच पैशांत उभे राहिले. करामाला ते शुक्रवारी जात, केस कापायला आणि घरी फोन करायला. वाळवंटातल्या शहरात श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती यांत खरा फरक सावलीचा असतो, असे मला वाटते. पैसेवाल्याला ती घरापासून कार्यालयापर्यंत अखंड मिळते.

मूळ धागालेखकाचे उत्तर

चिपळूणच्या ताईंचा प्रश्न रास्त आहे. विचारले तेव्हा कळले की भाच्याचे कार्यालय जबल अलीला आहे, म्हणजे करामाहून मेट्रोच्या लाल मार्गाने रोज शहराच्या एका टोकाला जावे लागेल. तेव्हा खाडीचा हट्ट मी सोडतो, मरीनाविषयीचे मत मात्र सोडत नाही. मधल्या पट्ट्यात डिस्कव्हरी गार्डन्ससारखी साधी, बुटक्या इमारतींची वस्ती आहे, ती त्याने आधी पाहावी. आता एक व्यवहाराचे विचारतो. घरमालक वर्षभराचे भाडे एकाच चेकने मागतो आहे आणि चार चेक दिले तर रक्कम वाढवतो. कंपनी पगार महिन्याला देते. एवढी उचल आधी मिळते का, की फरक सोसून चार चेकच द्यावेत? अलीकडे घर घेतलेल्यांनी कृपया सांगावे.